खेळाडू खेळणार की नाही, हे ठरवणार कोण? फिफाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि परिषद सदस्य,
फिफा, झुरिच

महोदय,

आजारी पडलेला किंवा जखमी झालेला खेळाडू मैदानात उतरणार की नाही, हा निर्णय त्याच्या संघाकडून काढून घ्या, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. निर्णय प्रशिक्षकानं घेऊ नये, संघाच्या पगारावरच्या डॉक्टरनं घेऊ नये आणि खुद्द खेळाडूनंही घेऊ नये. जिंकण्या-हरण्याशी ज्याला काही देणंघेणं नाही, अशा डॉक्टरनंच तो घ्यावा. मागणी नवी नाही, पण ती मान्य न झाल्यामुळे काय घडतं हे ज्या एका कारकिर्दीत उघड दिसतं, तिच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे असं मला वाटतं. ती कारकीर्द आहे ब्राझीलच्या रोनाल्डोची, रोनाल्डो लुईस नाझारियो दे लिमाची.

आज तरुण मुलांना रोनाल्डो म्हटलं की पोर्तुगालचा आठवतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ज्यांनी 1996-97 चा हंगाम पाहिलाय त्यांना मात्र तो वीस वर्षांचा, दातात फट असलेला, बार्सिलोनाच्या जर्सीतला मुलगा विसरता येत नाही. 12 ऑक्टोबर 1996 ला कॉम्पोस्तेलाविरुद्ध त्यानं केलेला गोल पुन्हा एकदा पाहा. चेंडू मिळतो तो स्वतःच्याच अर्ध्या भागात. पहिला बचावपटू मागून त्याची जर्सी धरतो आणि चक्क ओढत राहतो. ती ताणली जाते, हा थांबत नाही. दुसरा आडवा येतो, त्याच्या बाजूनं निसटतो. मग पेनल्टी बॉक्सच्या आत दोघांच्या मधून, तोल जवळजवळ गेलेला असताना चेंडू खालच्या कोपऱ्यात. बाजूला उभे असलेले प्रशिक्षक बॉबी रॉबसन दोन्ही हात डोक्यावर ठेवून आजूबाजूच्यांकडे बघतात. त्या हंगामात त्यानं 49 सामन्यांत 47 गोल केले. आकडे आजकाल सगळेच मोठे असतात. पण तो वेग, आणि त्या वेगात मध्येच दिशा बदलणं, हे त्याच्याआधी एवढ्या दणकट शरीराच्या माणसात कुणी पाहिलं नव्हतं. मी तरी नंतरही पाहिलेलं नाही.

ती दिशा बदलण्याची ताकद गुडघ्यातून येत होती, आणि गुडघा सुरुवातीपासून कुरकुरत होता. हॉलंडमध्ये पीएसव्ही क्लबकडून खेळताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच, 1996 च्या सुरुवातीला त्याच्या गुडघ्यावर एक शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर त्याला किती विश्रांती मिळाली ते पाहू. 1996 च्या उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिक. तिथून थेट बार्सिलोनाचा पूर्ण हंगाम. 1997 च्या उन्हाळ्यात बोलिव्हियात कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, तिचा अंतिम सामना तर समुद्रसपाटीपासून हजारो फूट उंचीवर. तिथून इंटर मिलान, विक्रमी किंमत मोजून. डिसेंबर 1997 मध्ये रियाधला आपलीच, म्हणजे फिफाची, कॉन्फेडरेशन्स कप स्पर्धा, जिच्या अंतिम सामन्यात त्यानं तीन गोल केले. मे 1998 मध्ये पॅरिसला यूएफा कपचा अंतिम सामना. लाझिओचा गोलकीपर मार्केजानी समोर आल्यावर त्यानं नुसत्या खांद्याच्या हुलकावण्यांनी त्याला जमिनीवर बसवलं आणि चेंडू रिकाम्या जाळीत सरकवला. लगेच जूनमध्ये विश्वचषक. पुढच्या उन्हाळ्यात, 1999 ला, पॅराग्वेत पुन्हा कोपा अमेरिका.

चार उन्हाळे ओळीनं. इतर खेळाडू कुटुंबाबरोबर सुटीवर असताना हा मुलगा खेळत होता. नोव्हेंबर 1999 मध्ये गुडघा गेला. हा निव्वळ योगायोग होता असं मी मानत नाही.

पण गुडघ्याआधी 12 जुलै 1998 चा दिवस येतो, आणि माझ्या पत्राचं खरं कारण तो दिवस आहे.

फ्रान्समधल्या लेझिनी इथल्या हॉटेलात ब्राझीलचा संघ उतरला होता. रात्री नऊला विश्वचषकाचा अंतिम सामना. दुपारी जेवून खेळाडू खोल्यांमध्ये पडले असताना रोनाल्डोला आकडी आली. अंग ताठ, थरथर, तोंडाला फेस. खोलीत त्याचा जोडीदार रॉबर्टो कार्लोस होता. तो घाबरून मदतीसाठी ओरडत सुटला आणि सहकारी धावत आले. थोड्या वेळानं रोनाल्डो झोपला, आणि जागा झाला तेव्हा आपल्याला काय झालं होतं याची त्याला कल्पनाही नव्हती. त्याला पॅरिसजवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. तपासण्या झाल्या, त्यांत काही सापडलं नाही. इकडे संघाची यादी जाहीर झाली, तिच्यात रोनाल्डोच्या जागी एडमुंडोचं नाव. जगभरच्या समालोचकांना ते खरंच वाटेना. मग सामन्याला तासभरही उरला नसताना दुसरी यादी आली, आणि तीत रोनाल्डो होता. क्लिनिकमधून तो थेट स्टेडियमवर आला होता, मी ठणठणीत आहे, मला खेळायचंय म्हणाला होता, आणि प्रशिक्षक झागालो यांनी होकार दिला होता.

ब्राझीलचा संघ त्या रात्री सरावासाठी मैदानावर आलासुद्धा नाही. फ्रान्सच्या झिदाननं दोन कॉर्नरवर हेडरनं दोन गोल मारले, शेवटी पेतीनं तिसरा गोल केला. 3-0. रोनाल्डो मैदानात नव्वद मिनिटं होता एवढंच म्हणता येईल. मध्येच गोलकीपर बार्थेझशी त्याची जोरात टक्कर झाली आणि तो खाली पडला, तेव्हा सगळ्यात आधी घाबरले ते त्याचेच सहकारी.

आता जरा विचार करा. कारण न कळलेली आकडी येऊन काही तासच झालेत. अशा माणसाला अनेक देशांत कायदा पुढचे काही महिने मोटारसुद्धा चालवू देत नाही. आणि इथे त्याला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरवलं गेलं. त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता हो! तो एकवीस वर्षांचा होता.

मी झागालोंना दोष देत नाही. समोर जगातला सर्वोत्तम खेळाडू उभा आहे, खेळतो म्हणतोय, क्लिनिकचा अहवाल काही नाही म्हणतोय. कुठला प्रशिक्षक नाही म्हणेल? संघाचे डॉक्टर लिदियो तोलेदो नंतर म्हणाले होते की मी त्याला थांबवलं असतं आणि ब्राझील हरलं असतं, तर मला उत्तर ध्रुवावर जाऊन राहावं लागलं असतं. या उद्गारावर लोक हसतात. मला त्यात एका डॉक्टरची कोंडी दिसते. रुग्णाचं हित बघायचं की सतरा कोटी देशवासीयांचा राग टाळायचा, या पेचात त्या माणसाला कुणी टाकलं? ब्राझीलच्या फुटबॉल महासंघानं टाकलं, आणि ज्या स्पर्धेच्या नियमांमध्ये असा पेच मान्य होता त्या स्पर्धेच्या आयोजकांनीही, म्हणजे आपणही.

पुढे ब्राझीलच्या संसदेत चौकशी बसली. महासंघ आणि क्रीडासाहित्य बनवणारी नायके कंपनी यांच्यातल्या कराराची ती चौकशी होती. कंपनीनं दबाव आणून रोनाल्डोला खेळवलं, असा लोकांचा संशय होता. रोनाल्डोला खासदारांपुढे बसून साक्ष द्यावी लागली. झिदानवर लक्ष ठेवायची जबाबदारी कुणाची होती, असंही त्याला तिथं विचारलं गेलं. दबावाचा पुरावा काही मिळाला नाही. मात्र जो प्रश्न विचारायला हवा होता तो बाजूलाच राहिला. कंपनीचा दबाव नव्हता असं धरून चाललं, तरी त्या संध्याकाळी "नाही" म्हणण्याचा अधिकार असलेला आणि "नाही" म्हणून काहीच न गमावणारा एकही माणूस त्या ड्रेसिंग रूममध्ये का नव्हता?

आता गुडघ्याकडे येतो. 21 नोव्हेंबर 1999, इंटर विरुद्ध लेचे. उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा दोर, अर्धवट फाटला. पॅरिसला डॉ. जेरार सायान यांनी शस्त्रक्रिया केली. पाच महिन्यांच्या आत, 12 एप्रिल 2000 ला, रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये लाझिओविरुद्ध इटालियन कपच्या अंतिम फेरीचा पहिला सामना होता. रोनाल्डो बदली खेळाडू म्हणून उतरला. सहा-सात मिनिटं झाली असतील. चेंडू पायात घेऊन तो बॉक्सकडे निघाला, चेंडूवरून पाय फिरवण्याची त्याची ती नेहमीची हुलकावणी दिली, आणि कुणाचा धक्काही न लागता कोसळला. टेंडन पूर्ण तुटला होता. वाटी जागेवरून वर सरकली होती. गुडघा दोन्ही हातांनी धरून तो ज्या आवाजात किंचाळला, तो टीव्हीवर ऐकणाऱ्यांच्याही अंगावर काटा आला. दोन्ही संघांचे खेळाडू डोक्याला हात लावून उभे होते.

तेव्हा तो परत उतरायला तयार होता का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि सायान यांच्यासारख्या निष्णात सर्जनच्या कामाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण सामना चषकाचा होता, क्लबनं त्याच्यावर प्रचंड पैसा ओतला होता, आणि तेवीस वर्षांचा तो मुलगा खेळण्यासाठी आसुसला होता. ही तिन्ही कारणं एकाच दिशेनं ढकलतात. उलट दिशेनं ओढणारं तिथे कोण होतं? इंटरमधल्या पाच वर्षांत त्याला सगळे मिळून 99 सामने खेळता आले. त्यातही 59 गोल.

2002 च्या विश्वचषकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून मी ती लांबवत नाही. ब्राझीलमध्ये जुन्या स्ट्रायकरला, रोमारिओला घ्या म्हणून ओरड चालू असताना प्रशिक्षक स्कोलारींनी रोनाल्डोवर विश्वास टाकला, त्यानं सात सामन्यांत आठ गोल केले, आणि योकोहामाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कानच्या हातून सुटलेल्या चेंडूवर पहिला आणि रिवाल्डोनं सोडलेल्या चेंडूवर दुसरा गोल मारला. त्या दिवशी रविवार होता, भारतात सामना संध्याकाळी साडेचारचा. कोल्हापुरात ब्राझीलवाल्यांच्या गल्ल्यांत त्या संध्याकाळी पिवळे झेंडे आणि गुलाल होता, आणि मीही त्या गर्दीत होतो.

मला मात्र त्या सामन्याआधीची दुपार जास्त महत्त्वाची वाटते. रोनाल्डोनं नंतर स्वतःच सांगितलंय की दुपारच्या जेवणानंतर सगळे झोपायला गेले तेव्हा तो झोपायलाच तयार नव्हता. डोळा लागला तर चार वर्षांपूर्वीसारखं पुन्हा होईल, अशी त्याला भीती होती. बोलायला कुणीतरी हवं म्हणून तो शोधत फिरला. शेवटी राखीव गोलकीपर दिदा त्याच्याशी गप्पा मारत बसला, संघ स्टेडियमकडे निघेपर्यंत. जगातला सगळ्यात मोठा स्ट्रायकर, आणि त्याला स्वतःच्या झोपेची भीती वाटत होती. ती भीती 1998 मध्ये कुणी नीट ऐकून घेतली असती, सामना बुडाला तरी चालेल पण आधी तुझ्या तब्येतीचा छडा लावू असं म्हटलं असतं, तर?

पुढेही तो खेळलाच. एप्रिल 2003 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर रेआल माद्रिदसाठी त्यानं तीन गोल केले आणि बदली होऊन बाहेर जाताना मँचेस्टरच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. 2006 मध्ये विश्वचषकातला पंधरावा गोल करून विक्रम केला, जो 2014 मध्ये जर्मनीच्या क्लोजानं मोडला. फेब्रुवारी 2008 मध्ये एसी मिलानकडून लिव्होर्नोविरुद्ध मैदानात उतरल्यावर काही मिनिटांतच दुसरा, डावा गुडघा तसाच गेला. त्यातूनही उठून तो ब्राझीलच्या कोरिंथियन्स क्लबमधून मैदानात परतला आणि चषक जिंकला. तोवर लोकांनी त्याच्या पोटावर विनोद करायला सुरुवात केली होती. 2006 मध्ये तर देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे तो लठ्ठ झालाय का म्हणून प्रशिक्षकांना विचारलं. फेब्रुवारी 2011 मध्ये निवृत्तीच्या पत्रकार परिषदेत तो रडला, थायरॉइडचा त्रास असल्याचं त्यानं सांगितलं, आणि आपण आपल्या शरीरापुढे हरलो असं म्हणाला. वय होतं चौतीस. ज्या शरीराकडून एवढं काढून घेतलं, त्याचीच नंतर टिंगल झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. मग 2014 बघा. साओ पावलोत उरुग्वेचा अल्वारो परेरा इंग्लंडविरुद्ध डोक्याला गुडघा लागून बेशुद्ध पडला. संघाच्या डॉक्टरनं बदली करा म्हणून खूण केली, परेरानं उठून त्यालाच झापलं आणि पुन्हा खेळायला गेला. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ख्रिस्तोफ क्रामर डोक्याला मार लागूनही जवळजवळ पंधरा मिनिटं खेळत राहिला, आणि हा अंतिम सामनाच आहे ना, असं त्यानं पंच रिझोलींना विचारलं. तेव्हा कुठे त्याला बाहेर काढलं. त्यानंतर आपण नियम केला की पंचांनी तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवावा आणि तपासणी व्हावी. चांगलं केलंत. पण शेवटचा शब्द संघाच्याच डॉक्टरचा ठेवलात. परेराला आवरू न शकलेला डॉक्टर संघाचाच होता, हे आपण कसं विसरलात? 2022 मध्ये कतारमध्ये इराणचा गोलकीपर बेइरानवांद सहकाऱ्याशी टक्कर होऊन बराच वेळ पडून होता. डोक्याच्या दुखापतीसाठी जादा बदलीची सोय असूनही तो आधी पुन्हा गोलपोस्टमध्ये जाऊन उभा राहिला, मग खाली बसला, मग बाहेर गेला. नियम होता, पण तो वापरायला लावणारा कुणी नव्हता.

खेळाडूलाच खेळायचं असतं, त्याला अडवणारे आम्ही कोण, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. खेळाडूला खेळायचं असतंच. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी "मला बरं नाही, मी बसतो" म्हणणारा खेळाडू मला अजून भेटायचाय. म्हणूनच हा निर्णय त्याच्यावर सोडणं हा अन्याय आहे. बॉक्सिंगमध्ये रिंगजवळचा डॉक्टर लढत थांबवा म्हणाला की थांबते, मग बॉक्सर कितीही ओरडो. तिथे कुणी म्हणत नाही की यानं खेळाडूचं स्वातंत्र्य गेलं.

आपण वर जे करता ते खालपर्यंत झिरपतं, म्हणूनही मी हे लिहितोय. माझ्या गावात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की कामधंदा सोडून माणसं जातात. तिथे गुडघ्याला पट्टी गुंडाळून, वेदनाशामक गोळी घेऊन उतरणाऱ्या पोराला "वाघ आहे" म्हणतात. त्यातली कितीतरी पोरं तिशीआधी जिना उतरताना कठड्याला धरतात. त्यांच्याजवळ ना सायान आहेत ना विमा. विश्वचषकात एखाद्या मोठ्या खेळाडूला डॉक्टरनं थांबवलेलं आणि त्यानं मुकाट्यानं ऐकलेलं ही पोरं एकदा जरी पाहतील, तरी त्यांच्या घरच्यांना कोचसमोर बोलायला तोंड मिळेल.

आणि सामन्यांची संख्या. 32 संघांचा क्लब विश्वचषक आपण 2025 च्या उन्हाळ्यात घुसवला. 2026 चा विश्वचषक 48 संघांचा, 104 सामन्यांचा केलात. ऑक्टोबर 2024 मध्ये खेळाडूंच्या युरोपातल्या संघटनेनं लीगच्या बरोबरीनं युरोपियन आयोगाकडे आपल्याविरुद्ध तक्रार केली, ती उगाच नाही. स्पेनच्या पेद्रीनं अठराव्या वर्षी एकाच हंगामात सत्तरहून जास्त सामने खेळले, युरो आणि ऑलिंपिक धरून, आणि पुढची दोन-तीन वर्षं स्नायूंच्या दुखापतींत घालवली. 1996 ते 1999 मध्ये ब्राझीलच्या पोरावर जे लादलं गेलं, तेच आता जास्त प्रमाणात चालू आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या प्रत्येक स्पर्धेत प्रत्येक सामन्याला एक डॉक्टर आपण नेमावा, दोन्ही संघांशी संबंध नसलेला, आणि तो थांब म्हणाला की खेळाडू थांबलाच पाहिजे. शुद्ध हरपली किंवा आकडी आली, तर त्या दिवशी खेळणं नाही, अहवाल काहीही येवो. एकवीस वर्षांखालच्या खेळाडूला दोन उन्हाळे ओळीनं मोठ्या स्पर्धेत खेळवता येणार नाही, असा नियम राष्ट्रीय महासंघांवर घाला. यानं एखादा ऑलिंपिक किंवा कोपा एखाद्या मोठ्या नावाशिवाय जाईल. जाऊ द्या. चाहते म्हणून आम्ही ते सोसू.

सामन्याआधी जी संघाची यादी पंचांकडे जाते, तिच्यावर या डॉक्टरची सही असावी, नावानिशी, आणि सहीशिवाय यादी घेऊ नये. पुढच्या परिषदेच्या बैठकीत हा विषय ठेवावा आणि निर्णय जो होईल तो कारणांसह जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी